निकेतला घ्यायचं का

मंडळाच्या खात्यात एक लाख बेचाळीस हजार.
त्यातले चाळीस मॅटच्या हप्त्यांचे,
वीस प्रसादच्या गुडघ्याचे,
उरले ते साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर
ज्यांची बिल्डिंग उभी राहिली त्यांनी
गणपतीनंतर, सैल हातानं दिलेले.
मी खजिनदार. मला पैसा मोजता येतो.
दिवाळ्याचा निकेत कोळी मोजता येत नाही.

मीटिंग घणसोलीत, तळ्याकडच्या गाळ्यात.
पंखा एक आणि मतं अकरा.
हिराजी म्हणाला, बोनस रेषेवर त्याचा पाय
मांजराचा पडतो, पडून गेल्यावर कळतो.
बाळाराम म्हणाला, हो, आणि ऐरोलीच्या फायनलला
एका गुणाचा फरक, दोन मिनिटं शिल्लक,
पंचांनी बाद दिलं तर ह्यानं
गुणफलक लाथेनं पाडला
आणि संघाची जर्सी तशीच अंगावर घेऊन
बाईकला किक मारली, थेट घरी.
सहा जण मैदानात उभे,
नवरदेव पळालेल्या वऱ्हाडासारखे.

"जर्सी परत दिली का?" मी विचारलं.
सगळे हसले. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.
साडेचारशेची होती.

ह्याच बाळारामचे वडील, दोन्ही डोळ्यांनी गेलेले,
निकेतची चढाई कधी चुकवत नसत.
म्हणायचे, बाकीचे नुसते कबड्डी बोलतात,
हा पोरगा श्वासाला धार लावतो.

कोपऱ्यात सुहास तांडेल.
महाप्याच्या कंपनीत रात्रपाळी,
सुटला की पहाटे येऊन मॅट झाडतो.
तीन वर्षं आमची चढाई त्याच्याच खांद्यावर,
दहांत सहा वेळा हात हलवत परत येतो,
पण येतो.
त्याला कुणी काही विचारलं नाही.
त्यानं सगळ्यांना चहा दिला, स्वतः घेतला नाही.

रविवारी मीच गेलो दिवाळ्याच्या जेट्टीवर.
वाटलं, बाटली असेल, पत्ते असतील.
निकेत बहिणीच्या मुलीला जेवू घालत होता,
बोयटाचा एकेक काटा काढून, उजेडात धरून बघत,
इतक्या सावकाश
की मलाच मासा थंड झाल्याची काळजी.
म्हटलं, राग कुठं ठेवतोस रे तू?
"मना राग येत नाय काका,
रागच मना घेऊन जातंय.
मी मागारी येईपर्यंत सामना सरलेला."

चढाईला माणूस एकटा जातो, ते ठीक.
पकडीला साखळी लागते.
ह्याचा हात कोण धरणार?
आणि ऐन वेळी ह्यानं सोडला
तर खांदा शेजारच्याचा निखळतो,
ह्याचा नाही.
हे मी मीटिंगमध्ये बोललो नाही.
मीटिंगमध्ये म्हणालो, साठ फार होतात, पन्नास द्या.
सात हात वर, तीन खाली,
एक जण डोकं खाजवत होता,
तो मी वरच्यांत मोजला.

काल पहिला सराव.
निकेतची तिसरी चढाई, आणि सुहासनं,
रात्रपाळीच्या तांबड्या डोळ्यांच्या सुहासनं,
घोटा धरला तो सोडला नाही.
पाच जणांच्या ढिगाखालून कबड्डी कबड्डी येत राहिलं,
बंद केलेल्या नळातून पाणी यावं तसं,
मग थांबलं.
निकेत उठला. सुहाससमोर उभा राहिला.
आम्ही सगळेच दम धरून.
"बरा धरलास," म्हणाला,
आणि कडेची पाण्याची बाटली अशी लाथाडली
की ती गटारापार.
मग स्वतःच गेला आणायला.
बराच वेळ आला नाही.

रात्री वहीत लिहिलं:
स्टीलची बाटली, पोचा आलेली, दोनशे साठ.
कुणाच्या नावावर टाकायची,
तो रकाना अजून मोकळा आहे.