बासष्टावं पान

राजारामपुरी, आठवी गल्ली, झेरॉक्सच्या दुकानावर
माझा संध्याकाळचा क्लास.
निम्मी पोरं मोबाइलमध्ये मुंडी घालून,
आणि पहिल्या बाकावर, वय वर्षं बावन्न,
सुभाषनगरच्या रत्नाबाई सातपुते.
"परदेशी गिऱ्हाईक फोनवर बोलतंय सर,
शब्द कळत्यात, बोलणं कळत न्हाई.
म्हणून आलो."

फळ्यावर लिहिलं : ऑल इअर्स.
जिवाचा कान करून ऐकणं.
त्या म्हणाल्या, कान तर चपलेलाबी असत्यात, दोन.
ऐकतंय कोण.

कोल्ड फीट. ऐन वेळी कच खाणं.
"आमच्यात पाय गार पडलं
की पावण्यांस्नी सांगावा धाडत्यात."
पोरं हसली. त्या नाही हसल्या,
वहीत उतरवून घेतलं देवनागरीत : कोल फिट.

पीस ऑफ केक सोपं गेलं.

मग आलं ते,
दुसऱ्याच्या शूजमध्ये स्वतःला ठेवून बघणं.
म्हणजे, मी समजावू लागलो, त्याच्या जागी आपण असतो तर...
"पाय घालून?"
हो.
बराच वेळ पेन्सिल फिरवत बसल्या
रापीचे जुने वण असलेल्या बोटांत.
"चाळीस वर्सं दुसऱ्याच्याच वहाणा शिवल्या सर.
पाय कधी घातला न्हाई.
हात घालून बघतो आत, वादीची गाठ टोचती का."
आणि जरा थांबून,
"पायातली वहाण पायातच बरी,
ह्येला काय म्हणत्यात त्यांच्यात?"

मी डिक्शनरी उघडली. उगाच पानं चाळली.
गेल्याच महिन्यात बोललो होतो हे,
कुणाबद्दल तरी, सहज, चहाच्या गाड्यावर.
"नसावं," म्हणालो.
"असंल," त्या म्हणाल्या. "बघून ठेवा."

क्लास सुटला. दाराशी चपलांचा ढीग.
माझी कापशी, नवी कोरी, कर्रकर्र वाजणारी.
आठवडाभर लंगडत होतो,
घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.
त्यांनी ती न विचारता उचलली,
पंजा आत सरकवला,
नजर भलतीकडेच, जिन्याकडे,
आणि अंगठ्याच्या कडेला एका जागी बोट थांबलं.
"हितं चावतीया न्हवं?"

बासष्टाव्या पानावर होता तो वाक्प्रचार,
बूट नेमका कुठं चावतो ते ठाऊक असणं.
सोमवारी घेणार होतो.