अकरावा डाव

रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात
मी फरशा वाजवून बघतो.
बोटाच्या पेराने टिचकी. खणखणली तर पेटीत,
बद्द बोलली तर भंगारात.
सोळा वर्षं झाली, कान तयार झालाय.
बुद्धिबळातलं मात्र तेवढंच कळतं
जेवढं पाचोऱ्याच्या दवाखान्यात परदेशी कंपाउंडरनी
औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर शिकवलं:
घोडा अडीच घरं, उंट तिरका,
आणि खेळताना तोंड बंद.

तरी यंदा जगज्जेतेपदाचा सामना सोडला नाही.
सामना कुठल्याशा बर्फाच्या गावात,
खेळणारे दोघं माझ्या मुलाहून जेमतेम मोठे.
इथल्या चारला पहिली चाल पडते,
साडेनऊला रात्रपाळीची बस.
मधला वेळ माझा.

खोलीत सहा खाटा. वाय-फाय शफीकुलच्या नावावर,
त्याचं भाडं म्हणून तो माझ्या मोबाईलमध्ये डोकावतो.
त्याला पट कळत नाही, तो चेहरे बघतो.
‘ह्याच्या कानाची पाळी लाल झाली,’ म्हणतो, ‘हा अडकला.’
गुलजादा स्वातचा. त्याच्या गावी प्यादं
पहिल्याच चालीत दोन घरं जात नाही,
म्हणून त्याच्या मते दहाच्या दहा डाव रद्द.

दहाही बरोबरीत सुटले होते.
समालोचक बाई रोज म्हणायची, किती देखणी बरोबरी!
मला देखणेपण दिसलं नाही, पण
महिनाअखेर हिशेब मांडला
आणि उणे न येता नुसतं शून्य आलं
की मीही मान डोलावतोच की.

अकराव्यात, एकतिसाव्या चालीला,
काळा विचार करायला बसला.
पडद्याच्या कडेला एक पट्टी असते,
कोण किती वर ते संगणक सांगतो.
पट्टीला उत्तर ठाऊक. तिच्यामुळे मलाही.
सगळ्या जगात फक्त त्या दोघांनाच ठाऊक नाही.
त्रेचाळीस मिनिटं.
डाळ गॅसवरून उतरवली नाही, करपली.
घरून फोन आला, कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.
काय सांगणार? एक पोरगा विचार करतोय
आणि त्याला एकटा टाकवत नाही?

नंतर बायकोला हेच सांगितलं, शब्दाला शब्द.
ती म्हणाली, आमच्यासाठी कधी बसलात का
त्रेचाळीस मिनिटं, असे?

शह.

साडेनऊ. डाव अजून चालूच.
बसमध्ये बॅटरी चार टक्के, मग काळा पडदा.
हायवेच्या कुंपणापलीकडे उंट चालले होते,
सरळ, एकामागे एक.
परदेशी कंपाउंडरना दाखवायला हवे होते.

भट्टी थांबत नाही. मोबाईल लॉकरमध्ये.
रात्रभर टिचक्या:
ही पांढऱ्याची. ही काळ्याची. ही बद्द.
कुणी म्हणेल, म्हणजे तू पटावरचं प्यादं.
शिकलेलं कुणीतरी म्हणतंच.
प्यादं मागे फिरत नाही, साहेब.
मी दर दोन वर्षांनी फिरतो, पंचेचाळीस दिवस,
तीस किलो सामानासकट.

पहाटे खोलीवर आलो तर शफीकुल जागा.
कोण जिंकलं?
‘ते नाही कळलं. दोघांनी हात मिळवले.
एक उठला, लोक त्याच्यामागे धावले.
दुसरा बसून राहिला. मग त्यानं
सगळ्या सोंगट्या आपापल्या घरी नेऊन ठेवल्या,
आपल्याही, त्याच्याही. राजे शेवटी.
पेल्यातलं पाणी प्यायला, गेला.’
कुठला?
‘लाल कानवाला.’

मोबाईल चार्जिंगला लावला
आणि तसाच पालथा ठेवून दिला.
डाळीचं भांडं घासायला घेतलं.
बुडाशी बराच वेळ गेला.
धुऊन झाल्यावर, सवयीनं,
एक टिचकी.