कोझुमेलला उतरून काय करावं

धारणकर काका नकाशा घेऊन गच्चीवर आले,
सिडकोत, मी रजेवर होतो तेव्हा.
"सात वर्षं त्या बोटीवर होतास ना? मग सांग,
मेक्सिकोत उतरून काय काय करायचं?"

काका, मला तीन तास मिळायचे.
त्यातला एक लॉण्ड्रीची वाफ अंगातून जायला.
धक्क्याबाहेर डावीकडे औषधाचं दुकान आहे,
त्याच्या पायरीवर फुकट वायफाय येतं.
तिथे बसून मी मुलीचे दात मोजले,
आले, पडले, पुन्हा आले.
प्रवाळ नाही पाहिलं.
पिरॅमिड कुठल्या दिशेला, तेही ठाऊक नाही.

हां, एक बाई बसते छत्रीखाली,
कैरीच्या फोडींवर तिखट-मीठ, वर लिंबू.
"मास?" म्हणते, म्हणजे अजून घालू का.
मी घाल म्हणायचो. डोळ्यांत पाणी यायचं,
ते तिखटाचंच.

काकांनी वहीत लिहिलं: औषधाचं दुकान, डावीकडे.
समोर पांडवलेण्यांचा डोंगर काळा होत गेला.
"आणि संध्याकाळी?"

संध्याकाळी बोट सुटते, काका.
तुम्ही वरच्या डेकवर उभे राहा, हात हलवा.
खाली, पाण्याच्या रेषेखाली,
कुणीतरी तुमच्या चादरीची घडी घालत असेल.
तिथे खिडकी नाही.