आधी कोण

गोठिवलीत, नाल्याच्या अंगाला
पदीबाई मढवींच्या दोन पपया.
मधे अडीच हातांची जागा
आणि फुटक्या टाकीत लावलेला पुदिना.

बर्फाचा डबा घेऊन गेले, पानं खुडली,
पिशव्यांवर लिहिलं: नाल्याकडची. भिंतीकडची.
तिसऱ्या दिवशी जेलवर पट्ट्या उजळल्या:
दोन्ही झाडांत दोघेही.
रिंगस्पॉटही, मोझॅकही.
हिशेब अगदी सारखा,
आणि नाल्याकडची तोवर नुसता दांडा उरलेली,
शेंड्याला सुतळीसारखी चार पानं.
भिंतीकडचीला अकरा फळं.

नमुने अदलाबदल झाले असतील म्हणून
मी माझ्याच अक्षरावर संशय घेतला.
पुन्हा गेले, पुन्हा खुडलं.
पुन्हा तेच.

पदीबाई ओट्यावर जवळा निवडत
फोनवर कुणाला तरी दटावत होती,
टँकरपुढच्या हंड्यांवरून:
"कती हंडं हाईत त्यो नको सांगू.
पयला कोन आयला त्यो सांग."

माझ्या हातातली पिशवी हातातच राहिली.

विषाणूला पाय नसतात.
एक येतो माव्यावर बसून.
मावा पपईवर बिऱ्हाड करत नाही,
सोंड टेकवतो, चव बघतो, नाक मुरडून उठतो;
तेवढ्यात पाहुणा उतरलेला असतो.
दुसऱ्याला वाहन लागत नाही.
तो पात्याच्या धारेला लागलेल्या चिकात
पुढच्या झाडाची वाट बघतो.

"कोयता कुठे कुठे नेला होता?" मी विचारलं.
ती हसली. कोयत्याची हकीकत
आजवर कुणी विचारली नव्हती.

भादव्यात तळवलीला, भावाच्या परड्यात,
तिथली पपईची पानं चितकबरी, पण झाड धडधाकट.
त्याच संध्याकाळी समोरच्या टॉवरमधला पोरगा
डेंगीनं फणफणलेला, त्याच्या आईला रसासाठी पानं हवी होती,
म्हणून भिंतीकडचीची दोन कापून दिली.
ती हाताशी होती. एवढंच कारण.

म्हणजे भिंतीकडचीत मोझॅक आधी शिरला.
गडबड्या, पण तसा निरुपद्रवी;
झाड खडबडून जागं झालं,
मुरगळल्या घोट्याला चोळतो त्या मलमाच्या
भाऊबंदातलं एक द्रव्य
शिरांतून निरोप घेऊन हिंडायला लागलं.
थंडीत मावा आला तेव्हा
रिंगस्पॉटला दार उघडं मिळालं,
पण आत सगळे जागे होते.

नाल्याकडचीत तोच रिंगस्पॉट पहिला.
त्याची चाल वेगळी. तो भांडत नाही.
तो आधी राखणदाराची वाचा काढून घेतो.
मग माघात पदीबाईनं वाळली पानं छाटली,
दोन्ही झाडांची, एकाच कोयत्यानं,
आणि मोझॅक, तोच निरुपद्रवी मोझॅक,
शांत घरात शिरला.
त्याला अडवणारं कुणी बोलेना.
तिथे तो इतका वाढला, इतका वाढला
की पाडव्यापर्यंत झाड गेलं.

कोयता तोच. हात तोच.
एकदा राखलं, एकदा मारलं,
आणि दोन्ही वेळा त्या हाताच्या मनात
फक्त पानं होती.

हे मी तिला सांगितलं, जमेल तसं,
जवळ्यातला एक-एक काटेरी चिंबोरा
बाजूला काढत.
ती बराच वेळ नाल्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"मंग बाय, कोयता धुवाचा का नाय?"

पुस्तकात उत्तर आहे.
प्रत्येक झाडानंतर, साबणाच्या पाण्यानं, न चुकता.
मी तेच दिलं.
देताना आवाज जरा पडला.

तिनं मोरीवर कोयता घासला, पुसला,
आणि त्याच्यानंच भिंतीकडचीचं एक फळ उतरवून
माझ्या डब्यात, बर्फावर ठेवलं.
सालीवर वलयं होती,
ओल्या पेल्यांचे टेबलावर उमटतात तसे ठसे.
घरी कापलं.
गोडीला थोडं कमी.
बिया भरपूर.