भिंतीला थंडी वाजते का

बावीस वर्षं मासे चिरले मी
कारखान्याच्या तिसऱ्या टेबलाशी.
डावीकडे ऑलिव्ह, उजवीकडे तिची जाऊ.
मिनिटाला सात कॉड.
कण्याच्या कडेने पातं असं न्यायचं
की काट्याला कळूही नये
आपण एकटे पडलो.

मग न्यूफाउंडलंडचा समुद्र रिकामा झाला,
सरकारने कॉड धरायला बंदी घातली,
टेबलं धुतली, उभी करून ठेवली.
मी शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळलं,
हेडलीला टेकडीवर पोचवून आले,
एक गुडघा बदलून घेतला.
अडुसष्टावं लागलं तेव्हा
हातांना काही काम उरलं नव्हतं
आणि त्यांना ते पटत नव्हतं.
झोपेतही बोटं चालायची
चादरीच्या काठावरून,
डोक्याकडून शेपटीकडे.

चर्चच्या तळघरात मंगळवारी बायका गोधड्या शिवतात.
मी गेले ते, खरं सांगायचं तर,
तिथला हीटर चांगला चालतो म्हणून.
मिल्ड्रेडबाईंनी पट्टी दिली, चौकोन दिले.
कोपऱ्याला कोपरा मिळालाच पाहिजे, म्हणाल्या.
माझा मिळेना.
उसव, म्हणाल्या.
उसवलं. शिवलं. उसव.
तीन मंगळवार उसवत बसले
आणि मला उसवणंच आवडायला लागलं:
टाका निघून गेल्यावर
कापडावर मागे राहते ती भोकांची बारीक ओळ,
ताज्या बर्फावरून पाखरू चालत गेल्यासारखी.
हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात दोरीवरची चादर उडाली.
सापडली मे महिन्यात, बर्फ उतरल्यावर,
परसात पालथ्या पडलेल्या हेडलीच्या होडीपाशी,
नांगराच्या साखळीखाली.
पाच महिने साखळी तिच्यावर झोपली होती.
ब्लीच घाल, बहीण म्हणाली. नाहीतर फरशी पुसायला घे.

मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली.
गंजाच्या कड्या. कडीत कडी. मध्येच तुटलेली एक.
आत तपकिरी, काठाला नारिंगी,
आणि एका जागी साखळी घसरलेली,
तिथे नुसता लांब, ओला ओघळ.
चहा गार झाला.
ज्या पाण्यावर हेडली सदतीस वर्षं तरंगला
आणि ज्याचा तळ त्याने कधीच पाहिला नाही,
ते पाणी माझ्या टेबलावरून
दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होतं.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
मला तळ गाठायचा होता.

खाली जुनं ब्लँकेट घातलं, त्याखाली त्याचे फ्लॅनेलचे शर्ट,
आणि पातं न्यायचे तसा दोरा नेला,
ओघळाच्या कडेकडेने,
मोजल्याशिवाय, पट्टीशिवाय.
रात्रीचे अडीच वाजले होते.
मला वाटलं साडेनऊ.

माझा भाऊ सायलस आला, चष्मा पुसून बघत राहिला.
कुणाच्या पलंगावर ही?
कुणाच्याच नाही. भिंतीवर.
भिंतीला थंडी वाजते का, एल्फ्रीडा?
मी म्हटलं, तू विचारलंस का कधी तिला?
तो जेवून गेला.

आता शेजारी मला गंजके खिळे आणून देतात,
पूर्वी मुरंबा द्यायचे तसे, बरणीत घालून.
बिजागऱ्या, हुक, एकदा तर अख्खी कुऱ्हाड.
मी कापड व्हिनेगरमध्ये भिजवते, लोखंडाला गुंडाळते,
आणि वाट बघते. वाट बघता येते मला,
ते इथे सगळ्यांनाच येतं.
बोटं सुजतात. गरम पाण्यात धरते, पुन्हा घेते.
मिल्ड्रेडबाई येऊन बघून गेल्या.
टाके समान नाहीत, म्हणाल्या,
आणि जाताना एक रिकामी बरणी मागून घेतली.

परवा ऑलिव्ह आली, काठी टेकत.
बराच वेळ उभी राहिली, कोट न काढता.
मग जवळ गेली आणि डाव्या कोपऱ्यात,
जिथे शिवण ओघळ सोडून जरा आत शिरली आहे,
बरोबर तिथे बोट ठेवलं.
इथे पातं घसरलं तुझं.
हो, म्हटलं.
मुद्दाम?
नाही गं.
पण उसवलं नाहीस.
नाही.
मग तिने कोट काढला, खुर्ची ओढली,
आणि म्हणाली, सुई कुठे आहे.