शेरा

मंगळवारी संध्याकाळी आम्ही शटर उघडतो.
दुकान नव्हे, पैसे घेत नाही कुणाकडून.
उद्यमनगरात बंद पडलेल्या एका फौंड्रीची मागची शेड,
भिंतीला अजून काळी वाळू चिकटलेली,
हात टेकला की बोटांना लागते.

माझं काम वही.
रकाने चार : वस्तू, कुणाची, काय झालंय, शेरा.
तिसऱ्यात माणूस सांगेल तेच लिहायचं, असं ठरलंय.
म्हणून लिहिलंय :
मिक्सर. आक्काताई कवाळे. खोबरं म्हटलं की रुसतोय.
पंखा. तालमीतला. फिरतोय, पण वारं देत नाही.
इस्त्री. नाव सांगितलं नाही. शॉक फक्त नवऱ्याला बसतोय.

शेऱ्यात पिराजी लोहार बोलेल ते.
कार्बन झिजलेले.
कंडेन्सर गेलेला.
वायर सोललेली होती, नवऱ्याचा दोष नाही.

यासीनभाई शिकलगार दाराशी बसतात,
पायानं चाक फिरवत विळ्यांना धार लावतात.
गोदाक्का पायताणाच्या वादीनं काहीही शिवते.
एका पोराच्या दप्तराचा बंद शिवला,
तेव्हापासून दप्तर नव्या पायताणासारखं करकर वाजतंय
आणि पोरगं मुद्दाम हिसके देत चालतंय.

एकदा एक किटली आली.
तळाला स्क्रू, तीन पाकळ्यांचा,
आमच्याकडचा एकही पाना त्यात बसेना.
"उघडूच ने म्हणून बसवलाय ह्यो,"
पिराजी म्हणाला. चिडलेला मी त्याला तेव्हाच पाहिला.
सायकलची एक तार घेतली, कानस घेतली,
कपातला चहा सायीसकट निवला,
आणि तारेच्या टोकाला तीन पाकळ्या निघाल्या,
तांदळाच्या दाण्याएवढ्या.
किटली उघडली. आत मेलेली मुंगी,
बरोब्बर वीज जाते तिथं आडवी.
शेरा : मुंगी.
ती तार आता खिळ्याला टांगलेली असते.
नेणाऱ्यानं सही करायची, परत आणायची.

सगळंच जमतं असं नाही.
"जमलं नाही" सांगताना पिराजी भिंतीकडे बघतो.
मग वस्तूचे सुटे भाग होतात :
तांबं डालड्याच्या डब्यात,
स्प्रिंगा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत,
आणि जे कशाच्याच कामाचं नाही
ते पोत्यात. पोतं भरायला पूर्वी आठवडा लागायचा,
आता दोन महिने.
पण भरतंच.

परवा असाच बोलता बोलता म्हणाला,
"पुरात बुडालेली मोटर? काय धाड भरलीय तिला?
गाळ धुवायचा, आठ दिस उन्हात ठेवायची,
वार्निशचा एक हात मारायचा.
गावानं उगच टाकून दिलं सगळं."
मी मान हलवली.
वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

दुधाळीत आमच्या घरी पाणी छातीला लागलं होतं.
ओसरल्यावर गाद्या टाकल्या, फुगलेलं कपाट टाकलं,
आणि त्यांच्या पाठोपाठ माझं शिलाई मशीन, मोटरचं,
ज्याच्यावर दोन पोरींची फी शिवली होती.
वास एवढा होता की विचार करायला जागा नव्हती.
मीच म्हटलं, जाऊ दे एकदाचं.
ट्रॅक्टरची ट्रॉली हलली
तेव्हा मशीनचं चाक आपसूक थोडं फिरलं.
सुई वर आली.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.
वस्तू : शिलाई मशीन.
कुणाची : रिकामं.
काय झालंय : काही नाही.

पुढच्या मंगळवारी कोरा कागद हवा म्हणून
पिराजीनं नेमकं तेच पान उलटलं.
चष्मा वर केला. "ही कुणाची?"
"हाय एका बाईची."
"मग आणा म्हणावं की,"
तो म्हणाला,
आणि तालमीचा पंखा खाली घ्यायला
स्टुलावर चढला.