टाकीला भोक

मार्चपासून माझे पाय घरी नसतात.
प्रतापनगर, मानेवाडा, हुडकेश्वर, पुन्हा प्रतापनगर.
कोणाचा पंप जाम, कोणाची ताटी सडलेली,
कोणाचं पोर उघड्या अंगानं फाटकात:
काका, आज तरी होईल ना?
घरचा कूलर तेवढा नवतप्यातही
नुसता घरघरतो. त्याला कोण बघणार.

त्याच दिवसांत मोगरा मेला. दोनदा.
गुलाब तर इंदूनं माहेरून आणलेला.
ती काही बोलली नाही,
कुंडी उलटी करून ठेवली, पायरी म्हणून.

यंदा सिव्हिल लाइन्सला मोटर भरून दिली
तर कानफाडे मॅडम म्हणाल्या, सुट्टे नाहीत, हे घेऊन जा.
ब्रेडच्या पिशवीत एक काटेरी दांडी,
कापल्या जागी चीक येऊन राहिलेला.
आठ दिवस सावलीत ठेवा. जखम सुकू द्या, मग लावा.
अन् डोळ्याला हात लावू नका.
मी लावला.
बर्डीच्या सिग्नलवर एक डोळा मिटून उभा,
मागचे हॉर्न वाजवून राहिले.

जन्मभर टाक्यांची भोकं बुजवली मी,
एम-सील मळून मळून अंगठ्याच्या रेषा गेल्या.
अन् आता एका चांगल्या टाकीला
ड्रिलनं भोकं पाडली. पाच.
वाळू, विटांचा चुरा, मूठभर माती.
भिंतीपलीकडून ढोबळेबाई:
काट्याचं झाड घरात भांडण आणते हो.
इंदू म्हणाली,
भांडायला माणूस घरी पाहिजे ना.

मे गेला. पारा सत्तेचाळीसवर.
रात्री दहाला येऊन बॅटरी मारून बघायचो.
पानं सगळी टाकून दिलेली,
दांडी तेवढी हिरवी, अंग आखडून.
जूनमध्ये एक दिवस, कोणी न विचारता,
दोन लाल फुलं, शर्टाच्या बटणाएवढी.
इंदूनं आधी पाहिली. मला चार दिवसांनी सांगितलं.

खरी भीती आता आहे.
जुलै लागला. फोन वाजत नाही.
हात रिकामे, बादली जवळ,
वाटतं घालावं थोडं पाणी,
इतक्या महिन्यांचं एकदम.
मॅडम म्हणाल्या होत्या, हे तहानेनं मरत नाही,
लाडानं मरते. बुडापासून.

पाऊस उघडला आहे.
इंदू चहा घेऊन उलट्या कुंडीवर बसते,
मी उलट्या बादलीवर.
टाकीच्या पाची भोकांतून पाणी गळून राहिलं.
अंगठा शिवशिवतो.
गळू देतो.